उंदरांची साखर

आमच्या लॅबमध्ये रिझल्ट कमी आणि किस्से जास्त. रिझल्ट थिसिसमध्ये जातात, किस्से चहाच्या टपरीवर साठत राहतात. त्यातले निम्मे विद्यामुळे घडलेले आहेत, याचाही मला राग आहे!

कराडच्या एका फार्मसी कॉलेजात आम्ही दोघं एकाच सरांकडे पीएचडीला. बियांच्या अर्कानं मधुमेह असलेल्या उंदरांची साखर उतरते का, हे बघायचं. माझ्याकडे जांभळाच्या बिया, दहिवडीच्या विद्याकडे सागरगोटे. सरांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "ज्याच्या उंदरांची साखर उतरेल, त्याचाच पेपर सांगलीच्या परिषदेत!"

सांगली माझं गाव. आईनं अख्ख्या गल्लीला आमंत्रण देऊन ठेवलेलं.

*

विद्यानं घरी एक फोन केला, दुसऱ्या दिवशी एसटीनं सागरगोट्यांचं पोतं हजर. मी मात्र शिराळ्याला मावशीकडे जाऊन बियांसाठी आठवडाभर जांभळं खात बसलो. सोमवारी सरांना "गुड मॉर्निंग" म्हणायला तोंड उघडलं.

सर म्हणाले, "सुहास, अर्क बियांचा काढायचाय, तुझ्या जिभेचा नाही!"

विद्या खो खो हसली. मी अजून ते विसरलेलो नाही.

*

पंधरा दिवसांनी ग्राफ काढले. सरांनी दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवले. "विद्याचे उंदीर खंबाटकीचा घाट उतरून खाली आले. तुझे अजून चढतायत की रे!"

खोटं कशाला बोलू, नुसता जळफळाट झाला. दुपारी डबा जाईना. विद्यानं आपल्या डब्यातली शेंगोळी पुढे केली. तीही चांगली झाली होती. मग तर मी आणखीच चिडलो.

*

आईला स्वतःला साखर. सुट्टीला घरी गेलो, तेव्हा तिनं विचारलं, "त्या दहिवडीच्या पोरीच्या औषधाला गुण हाय म्हणं? थोडं आण की माझ्यासाठी."

"आई, ते उंदरांसाठी आहे!"

"मग तुझं घाल उंदरांना. तिचं आण मला!"

पोटच्या पोराला असं बोलली. मी जेवायलाच बसलो नाही.

*

आणि मग ती सकाळ. मी जरा लवकर पोचलो, तर पिंजरे साफ करणारे पांडूमामा माझ्या उंदरांना काहीतरी भरवत होते.

"मामा, हे काय?"

"गूळ हाय. बिचारी जिवावर येऊन औषध पित्यात, म्हणून वर रोज खडा देतुय. पयल्या दिसापासनं."

मला तिथंच नाचावंसं वाटलं. म्हणजे जांभूळ निर्दोष! मामांचा हात धरला आणि थेट सरांच्या केबिनमध्ये शिरलो. विद्या तिथंच बसलेली. बरंच झालं, म्हटलं, ऐकू दे. सगळं सांगितलं. सरांनी कपाळाला हात लावला.

"सर, या रिझल्टला आता काही अर्थ नाही," मी छाती काढून म्हणालो. "मामा, सांगा सरांना. गूळ फक्त माझ्याच उंदरांना ना?"

मामा दुखावले. "आवं दादा, मी आसा दुजाभाव करीन व्हय? तुमच्यास्नी एक खडा, विद्याताईंच्यास्नी दोन. त्यांचं औषध लय कडू हाय!"