उजव्या बाजूचा नळा

संग्रहालयात तिला सगळे काचताई म्हणत. नोकरीला लागली तेव्हा ती टंकलेखिका होती. तिसऱ्या वर्षी तळघरातल्या फोटो विभागाचा माणूस निवृत्त झाला, त्याच्या जागी खाली उतरायला कुणी तयार होईना, म्हणून ‘तात्पुरती’ म्हणून हिला पाठवलं. ते तात्पुरतं सत्तावीस वर्षं चाललं.

तळघरात लाकडी कपाटं होती आणि कपाटांत जुन्या फोटोंच्या काचा. त्या काळी निगेटिव्ह काचेवर निघायची. एका बाजूला रसायनाचा पातळ थर, दुसरी बाजू नुसती काच. सैन्याने अगदी सुरुवातीला जी विमानं घेतली, एकावर एक दोन पंखांची, कापडाने मढवलेली आणि तारांनी आवळून बांधलेली, त्यांच्या साडेचार हजार काचा तिथे उभ्या रचलेल्या होत्या. काही धुरकटलेल्या, काही तडकलेल्या. तडकलेल्या काचेला ती दुसरी कोरी काच जोडायची आणि कडेने कागदी पट्टी चिकटवून दोन्ही एकत्र बांधायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. दोन काचा फुटल्यावर ती आपली आपण शिकली.

या काचांना गिऱ्हाईक एकच, मॉडेलवाले. चांगली पिकल्या केसांची माणसं, पण खऱ्या विमानाच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्श्याएवढं विमान करायला दोन-दोन वर्षं घालवणारी. विमान कोणत्या लढाईत होतं हे त्यांना तोंडपाठ असे. त्यांना हवं असे ते वेगळंच. पंखाखाली तारा किती? कापडाला ठिगळ शिवलेलं की चिकटवलेलं? वैमानिकाच्या खुर्चीची पाठ वेताची की पत्र्याची? अशी पत्रं यायची आणि काचताई भिंग डोळ्याला लावून तारा मोजायची, मग उत्तर पाठवायची. तिची सासू म्हणायची, “घरातली जळमटं दिसत नाहीत हिला, आणि विमानाच्या तारा मोजते!”

शेवटी त्याच त्याच प्रश्नांना कंटाळून तिने एक पुस्तिका काढली. चाळीस विमानं, चाळीस फोटो, प्रत्येक फोटो तिने स्वतः काचेवरून कागदावर उतरवलेला, खाली बारीक अक्षरात टिपणं. सहा वर्षं लागली. टपालाने तीनशे चाळीस प्रती गेल्या. मॉडेलवाल्यांना ती इतकी पसंत पडली, की वाद झाला की एकजण म्हणे, “पुस्तिकेत बघा,” आणि वाद मिटे.

फक्त एक वाद मिटला नाही. तो पान बत्तीसवरच्या विमानाचा.

त्या विमानाची एकच काच शिल्लक होती. मैदानात उभं विमान, शेजारी चार मेकॅनिक. फोटोत विमानाच्या डाव्या अंगाला धुराचा लांब नळा दिसत होता आणि त्याच्या खाली पाय ठेवायची कडी. दुसऱ्या अंगाचा फोटो कुणी काढलाच नव्हता, किंवा काढला असेल तर तो राहिला नव्हता. गावातल्या एका दंतवैद्याने या पानावरून ते विमान बनवलं. दात कोरायच्या हत्यारांनी त्याने नळ्यावरचे खिळेसुद्धा उठवले होते. मॉडेल इतकं देखणं झालं, की त्याने ते संग्रहालयाला भेट दिलं आणि संचालकांनी समारंभ करून दर्शनी दालनात काचेच्या पेटीत ठेवलं.

समारंभाला एक निवृत्त भूमापक आला होता. आयुष्यभर जमिनी मोजल्यामुळे मॉडेलवाल्यांच्या मंडळात त्याचं नाव फूटपट्टी पडलं होतं. त्याने पेटीला नाक लावून पाहिलं आणि सगळ्यांदेखत म्हणाला, “नळा चुकीच्या बाजूला आहे.”

त्याच्याकडे मेकॅनिकांसाठी छापलेलं एक जुनं पत्रक होतं. त्यात एक ओळ होती: ‘उजवीकडून चढताना तापलेल्या नळ्यास हात लागू देऊ नये.’

“छपाईची चूक असेल,” दंतवैद्य म्हणाला.

“छापणारा चुकला आणि तुम्ही नाही?”

“फोटो खोटं बोलतो का हो?”

यावर लोक हसले. त्या दिवसापासून दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. आधी दर रविवारी एकाच टेबलावर बसून काम करणारी माणसं ती, पण पुढे एक आत आला की दुसरा बाहेर जाऊ लागला. काचताईला कुणीतरी विचारलं तेव्हा तिनेही सांगितलं, “मी काच डोळ्यांनी पाहिली आहे. डावीकडेच आहे.”

तीन वर्षं गेली.

तिचा नवरा शिंपी होता. पुरुषांचे कपडे शिवायचा, आणि नाकासमोर चालणारा माणूस होता. बायकोच्या कामात त्याला गती नव्हती आणि तसं तो लपवतही नसे. एकदा तापाने चार दिवस घरी होता. पाचव्या दिवशी ताप उतरला पण अंगात त्राण नव्हतं, म्हणून खिडकीपाशी पडून हाताला लागेल ते चाळत होता. हाताला पुस्तिका लागली. दुपारी काचताई डबा घेऊन घरी आली, तर तो म्हणाला, “अगं, पूर्वी बाया विमानं दुरुस्त करायच्या का?”

“नाही. का हो?”

“मग या चौघांनी बायकी सदरे का घातलेत?”

ती हसली. तापाचा असर असेल असं तिला वाटलं. त्याने पान तिच्यासमोर धरलं. “हसू नको. पुरुषाच्या सदऱ्याला काजाची पट्टी डावीकडे असते, बटणं उजवीकडे. इथे उलटं आहे. एकाचं उलटं असतं तर म्हटलं असतं, शिंपी आंधळा होता. चौघांचंही?”

तिने पुस्तिका घेतली. भिंग आणलं. चारही सदरे पाहिले, मग पुन्हा पहिल्यापासून पाहिले. नंतर बाकीची एकोणचाळीस पानं उलटली. जिथे जिथे बटणं दिसत होती, तिथे पट्टी जशी हवी तशी होती.

ती जेवली नाही. तशीच उलट्या पावली तळघरात गेली आणि ती काच काढली. ही तडकलेल्यांपैकी होती; तिनेच कोरी काच जोडून बांधलेली. बांधल्यावर दोन्ही बाजूंनी नुसती काचच दिसत होती, त्यामुळे रसायनाची बाजू कोणती हे वरून कळायला मार्ग नव्हता. तिने पट्टी सोडवली, कोरी काच बाजूला केली आणि मूळ काचेच्या एका बाजूवर तोंडाने वाफ सोडली. वाफ धरली, म्हणजे ही नुसती काच. रसायनाचा थर दुसऱ्या बाजूला होता. फोटो छापताना थराची बाजू कागदावर टेकवायची असते, इथे नेमकी ही बाजू टेकवली गेली होती. सगळं चित्र उलटं उतरलं होतं, विमानाचं उजवं अंग डावं होऊन. फूटपट्टी बरोबर होता.

पुढे तिला लोकांनी विचारलं, तो फोटो छापला त्या दिवशी काही झालं होतं का? घरात आजारपण, काही काळजी? ती म्हणायची, “काही नाही. चांगलं ऊन पडलं होतं, पोटभर जेवले होते. चुकले.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती संचालकांकडे गेली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“कोणाकोणाला माहीत आहे?”

“मला आणि माझ्या मिस्टरांना.”

“मग झालं तर. दुसरी आवृत्ती निघेल तेव्हा दुरुस्त करू.”

“तोवर लोक चुकीचं बनवत राहतील, साहेब.”

“अहो, काडीएवढा नळा! कोणाचा जीव जाणार आहे का? आणि बाहेर ते मॉडेल ठेवलंय, त्याचं काय करायचं? दंतवैद्यांना काय तोंड दाखवायचं आपण?”

“तोंड मला दाखवायचं आहे. चूक माझी आहे.”

“चूक संग्रहालयाची होते, बाई. तुमचं नाव पुस्तिकेवर नाहीच.”

हे खरं होतं. पुस्तिकेवर तिचं नाव कुठेच नव्हतं, आणि तोवर तिला त्याचं काही वाटलंही नव्हतं. संचालकांनी नवे फोटो छापायला कागद मंजूर केला नाही. ‘पत्र पाठवू नका’ असंही ते म्हणाले नाहीत. तेवढं त्यांना सुचायचं राहिलं.

टपालाने पुस्तिका घेणाऱ्यांचे पत्ते तिच्याकडे होते. तिने आठ दिवसांची रजा टाकली आणि घरच्या टेबलावर टाइपरायटर मांडला. तीनशे चाळीस फोटो द्यायचे कसे, हा प्रश्न होता. उत्तर सापडायला तिला दोन दिवस लागले. पत्र चारच ओळींचं झालं: ‘पान बत्तीसवरचा फोटो माझ्या चुकीने उलटा छापला गेला आहे. धुराचा नळा व पाय ठेवायची कडी विमानाच्या उजव्या अंगाला होती. पान आरशासमोर धरावे, म्हणजे खरे चित्र दिसेल. आपली मेहनत वाया गेली असल्यास क्षमा असावी.’ खाली तिने आयुष्यात प्रथमच या कामाखाली आपलं पूर्ण नाव घातलं. नवरा पाकिटं चिकटवत होता. मध्येच म्हणाला, “शिवलेला सदरा उसवायचा म्हणजे जिवावर येतं गं. पण तो तसाच घालून गिऱ्हाईक बाहेर पडलं की जास्त येतं.”

दोन पत्रं तिने टपालात टाकली नाहीत. ती हातात घेऊन गेली.

दंतवैद्याच्या दवाखान्यात तीन रोगी बसले होते. ती चौथी बसली. आत गेल्यावर त्याने सवयीने खुर्चीकडे हात केला, तिने पत्र पुढे केलं. वाचून त्याने हात धुतले, पुसले, पुन्हा वाचलं.

“तीन वर्षं ते विमान तिथे उभं आहे,” तो म्हणाला.

“हो.”

“शाळेची मुलं बघून गेली. मीच उभा राहून माहिती सांगितली त्यांना.”

त्याने पत्राची घडी घातली.

“त्याला सांगितलंत?”

“तुमच्यानंतर जाणार आहे.”

“जा,” एवढंच म्हणून त्याने पुढच्या रोग्याला हाक मारली.

फूटपट्टीच्या घरी निराळंच झालं. तिला वाटलं होतं, हा माणूस आता आनंदाने नाचेल. त्याने पत्र वाचलं, सदऱ्यांच्या बटणांची हकीकत तिच्याकडून ऐकली, चष्मा काढला आणि खट्टू होऊन बसला. शेजारी त्याची बहीण भाजी निवडत होती, ती म्हणाली, “अरे, तू जिंकलास की!”

“जिंकलो काय डोंबल! बटणांवरून कळलं म्हणे. माझं पत्रक होतंच ना समोर? ते कुणी वाचलं का? उद्या मेकॅनिकांचे सदरे दिसले नसते तर मी मरेपर्यंत खोटाच.”

काचताई म्हणाली, “मीही वाचलं नाही. वाचायला हवं होतं.”

हे ऐकून तो जरा निवळला. निघताना मात्र दारापर्यंत येऊन म्हणाला, “पान एकोणीसवरचा रंगही तुम्ही चुकीचा लिहिलाय, असं माझं मत आहे.” ते मत मात्र चूक निघालं.

पत्रांना उत्तरं आली, साधारण शंभर. बहुतेकांनी आभार मानले. एकाने पुस्तिका फाडून परत पाठवली. एकाने कळवलं, की तो हे विमान नुकतंच सुरू करणार होता आणि केवळ आळसामुळे वाचला. संचालकांच्या कानावर सगळं गेलं. त्यांनी शिक्षा केली नाही. पुस्तिकेच्या दुसऱ्या भागाचं काम मात्र दुसऱ्याकडे दिलं आणि काचताईला पदकांच्या विभागात बसवलं. पदकं पुसायची आणि यादी करायची. ती दोन वर्षं तिला जड गेली. घरी ती फारशी बोलत नसे, सासूने एकदा आपण होऊन विचारलं, “हल्ली तारा मोजत नाहीस?” तेव्हा ती उठून आत गेली.

दंतवैद्य पंधरा दिवसांनी संग्रहालयात आला, पेटी उघडून घेतली आणि मॉडेल कापडात गुंडाळून घेऊन गेला. संचालकांनी खूप विनवलं. नळा काढून दुसरीकडे लावणं सोपं नव्हतं. कडी बसायची ती फळी मुळापासून बदलावी लागणार होती आणि त्यासाठी मापं हवी होती. मापं एकाच माणसाकडे होती. महिनाभर त्याने दुसरीकडे धुंडाळली, मग एका रविवारी जाऊन फूटपट्टीचं दार वाजवलं.

दार बहिणीने उघडलं. तिने हे नंतर काचताईला सांगितलं. माफीबिफी काही झालं नाही. दंतवैद्याने मॉडेल टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, “नळ्याची लांबी किती धरायची?”

“बसा,” फूटपट्टी म्हणाला. “पण ऐकणार असाल तरच सांगतो.”

त्यांना सात महिने लागले. त्यातले दोन महिने भांडणात गेले, असं बहिणीचं म्हणणं.

पुढे संचालक बदलले. नव्या बाईंनी दुसऱ्या भागाचं हस्तलिखित मागवून पाहिलं, तेव्हा ज्याच्याकडे काम दिलं होतं त्याने चाळीसपैकी सहाच काचा छापल्या होत्या. काचताई पुन्हा तळघरात गेली. दुसरा भाग चार वर्षांनी निघाला. त्यावर तिचं नाव आहे, आतल्या पानावर, लहान टाइपात. चुका आढळल्यास या पत्त्यावर कळवाव्यात, असं लिहून खाली घरचा पत्ता दिला आहे. निवृत्त झाल्यावरही त्या पत्त्यावर पत्रं येत राहिली. बरीचशी तारांच्या संख्येबद्दल असत. काही फूटपट्टीची असत, आणि ती लांब असत.