कॅन्सर तपासणीचं वाण

माझ्या सासूबाई अकोल्याला माहेरी चार दिवस राहून आल्या की आमच्या घरात काहीतरी नवीन सुरू होतं. गेल्या वर्षी संक्रांतीच्या तोंडावर त्या परतल्या त्या दारातूनच जाहीर करत, की यंदा हळदीकुंकवाला प्लास्टिकचे डबे लुटायचे नाहीत, कॅन्सरची तपासणी लुटायची.

"म्हणजे काय करायचं?" मी विचारलं.

"गर्भपिशवीच्या तोंडाची तपासनी. माह्या भाचीनं केली. डॉक्टरपुढं झोपाचं काम नाई. एक मऊ ब्रश असते. बाथरूममध्ये जायचं, आपल्या हातानं नमुना घ्यायचा, नळीत टाकायचा, झालं. ज्या विषानूनं हा कॅन्सर होते, तो आंगात असन त अगोदरच समजते."

त्यांची थोरली बहीण याच आजारानं गेली. तिनं शेवटपर्यंत कुणा डॉक्टरला तपासू दिलं नव्हतं. त्यामुळे सासूबाईंच्या उत्साहाला आम्ही कुणी हसलो नाही, निदान त्यांच्यासमोर तरी.

अमरावतीच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंनी किट दिले आणि सोबत एक सिस्टर पाठवली. हळदीकुंकवाला तिशी ओलांडलेल्या सगळ्या बायका झाडून आल्या. सुरुवातीला सगळ्या पदराआड लाजत होत्या. मग शेजारच्या काकूंनी फर्मान काढलं, की आत जाणारीनं उखाणा घेऊनच जायचं. झालं. ब्रशाशी, नळीशी, बाथरूमच्या कडीशी नवऱ्यांची नावं जुळायला लागली. हसून हसून माझं पोट दुखलं. सिस्टर तर डोळे पुसत नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. सासूबाईंचा नंबर आला की मात्र त्यांना चहा आठवायचा आणि त्या स्वयंपाकघरात पळायच्या.

शेवटी सिस्टरनं विचारलं, "घरातल्या सगळ्या झाल्या ना?"

सासूबाई हो म्हणता म्हणता थांबल्या. ताई मागच्या अंगणात होती.

ताई म्हणजे माझी मोठी नणंद. नवरा गेल्यापासून ती इथेच असते. आमची झेंडू-शेवंतीची शेती आणि फुलांचा सगळा व्यवहार तिच्या हातात आहे. मार्केटमधले अडते तिला टरकून असतात. पण हळदीकुंकवाच्या दिवशी ती मागे हार ओवत बसते. तिला तसं कुणी सांगत नाही आणि बोलवायलाही कुणी जात नाही. तपासणी कुंकवाला जोडली की जिला कुंकू नाही ती आपोआप वगळली जाते, हे एवढ्या बायकांत एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं.

सासूबाई किट घेऊन मागे गेल्या. त्यांच्यामागे आमची सगळी वरात.

"हे घे," त्या म्हणाल्या. "बाथरूममध्ये जाऊन ये."

ताईनं सुईतला दोरा ओढून घेतला. "हे वाण आहे ना?"

"वाण म्हनजे, तपासनी आहे."

"वाण आहे म्हनून तूच गावभर सांगून राहिली. मंग वाण असं देते का कोनी? अगोदर हळदकुंकू लाव. मंग घेईन."

सासूबाई माझ्याकडे बघायला लागल्या आणि मी शेवंतीकडे. रीतभात म्हणजे त्यांचा जीव की प्राण, आणि हट्टात ताई त्यांच्याच पोटची. मला खरंच भीती वाटली, की या दोघींच्या ताणाताणीत तपासणी राहून जाणार.

"करंडा आन," सासूबाई मला म्हणाल्या.

मी धावत गेले आणि धावत आले. लावताना थोडं कुंकू ताईच्या नाकावर सांडलं. तिनं ते पुसलं नाही. किट घेऊन ती उठली, तशी मागून कुणीतरी सवयीनं "उखाणा" म्हणालं आणि जीभ चावली. ताई वळली. झेंडूच्या उतरलेल्या भावाशी जुळवून तिनं आपल्या गेलेल्या नवऱ्याचं नाव घेतलं, ठसक्यात. आम्ही इतक्या हसलो की दोघीतिघी रडल्या.

काही दिवसांनी मोबाइलवर रिपोर्ट आले. तपासलेल्या बाकी सगळ्यांचे चांगले होते. ताईच्या नमुन्यात विषाणू सापडला.

आम्ही तिला घेऊन अमरावतीला गेलो. डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीतून बघून, तुकडा तपासून सांगितलं, की पेशी बदलायला लागल्यात, पण अजून कॅन्सर नाही. असंच सोडलं असतं तर पुढेमागे झाला असता. मग तापवलेल्या टोकाच्या एका यंत्रानं त्यांनी तेवढी जागा जाळून टाकली. मी बाहेर देवाची नावं आठवत होते, तेवढ्यात ताई चालत बाहेर आली आणि शेवंतीला पाणी दिलं का, असं विचारू लागली. मला तिला मिठी मारावी की तिच्याशी भांडावं ते कळेना. वर्षानं पुन्हा तपासायला सांगितलं होतं. ते वर्ष आम्ही जीव मुठीत धरून काढलं.

या संक्रांतीला रिपोर्ट आला. विषाणू नाही. मी कणकेच्या हातानंच स्वयंपाकघरात नाचले. सासरे घाबरून बघायला आले.

या वेळचं हळदीकुंकू ताईनं केलं. गल्लीतल्या एकूण एक बाईला बोलावणं गेलं, ज्यांना कधीच जात नसे त्यांनाही. पहिल्या पाटावर तिनं सासूबाईंना बसवलं, ठसठशीत कुंकू लावलं आणि हातात किट ठेवलं.

सासूबाई चुळबुळल्या. "मले काय करायचं हे, या वयात? मी चहा पाहून येतो."

"मावशीबी असंच म्हने," ताई म्हणाली.

सासूबाई किटकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पदर खोचला आणि त्या उठल्या. बाथरूमच्या दारात थांबून, सासरे ओसरीत ऐकतायत हे ठाऊक असूनही, त्यांनी मोठ्यानं उखाण्यात त्यांचं नाव घेतलं आणि आतून कडी लावली.