डाव्या बगलेतला खिसा

माझा मेहुणा हाशम मुकादम सौदीतल्या ताइफमधला सगळ्यात चांगला शिंपी होता आणि सगळ्यात हट्टीही. अरबांचे पायघोळ तोब शिवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. दुकान कफिलाचं, म्हणजे ज्याच्या नावावर आमचा व्हिसा त्या अरब मालकाचं, मशिनं कफिलाची, पासपोर्टही कफिलाच्याच कपाटात. अशा माणसाने मुकाट शिवत राहावं की नाही? पण हा दाभोळचा गडी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचा, हा रंग तुला शोभत नाही. शेजारच्या मशिनीवर बसून मी रोज कपाळावर हात मारून घ्यायचो.

कुवेतच्या लढाईच्या हिवाळ्यात कफिलाचा धाकटा मुलगा नाइफ दुकानात आला. वय अठरा, मिशी नुकती कुठे फुटत होती. त्याने एक पिस्तूल काढून कापायच्या टेबलावर ठेवलं. बापाच्या कपाटातलं.

"नवीन तोब शिव. आत डाव्या बगलेखाली खिसा हवा, हे मावेल एवढा. बाहेरून दिसता कामा नये."

हाशमने कात्री खाली ठेवली. "परवाना?"

"बापाचा आहे."

"तुझा?"

परवान्याला त्याचं वय बसत नव्हतं, हे त्याला ठाऊक होतं आणि आम्हालाही. तो भडकला. "तिकडे सीमेवर माझ्याच वयाचे अमेरिकन बंदुका घेऊन उभे आहेत. त्यांना कोण वय विचारतं?"

"त्यांची बंदूक खांद्यावर असते, सगळ्यांना दिसते. तुला लपवायची आहे. कोणासाठी?"

मग भडाभडा बाहेर आलं. गाड्यांच्या शर्यतीवरून एका पोराने चारचौघांत त्याच्या थोबाडीत मारली होती. येत्या शुक्रवारी संध्याकाळी तो पोरगा पुन्हा तिथेच येणार होता, आणि नाइफने त्याला संपवायची शपथ घेतली होती. "नाही शिवलंस तर बापाला सांगून तुला खुरूज मारायला लावीन," असं बजावून तो गेला. खुरूज म्हणजे कायमची रवानगी.

"हाशमभाय, तुला काय करायचाय?" मी ओरडलो. "शिवून दे नि मोकळा हो! ताइफमधले बाकीचे शिंपी काय मेले?"

"ह्याचा पयला तोब मी शिवलाय, जलाल. हा कोणाला तरी मारील नि मग ह्याची मान जाईल. ती मान मी मापलीय."

"मग बापाला जाऊन सांग!"

"बाप माझं ऐकेल की पोराचं?"

दुसऱ्या दिवशी हाशमने गपचूप तोब बेतायला घेतला. नाइफला म्हणाला, हल्ली अंगासरशी तोबची फॅशन आहे. पोरगं खूश. मी मात्र बघत होतो. जाड लोकरीचं कापड सोडून याने पातळ घेतलं, बगलेत सैलपणा ठेवलाच नाही, आणि खिसा अगदी सांगितला होता तिथेच लावला. हात खाली असला की काही दिसत नव्हतं. हे काय चाललंय विचारलं, तर म्हणे, शुक्रवारी दुपारी त्यांच्याकडे कॉफीला पाहुणे असतात.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पाहुण्यांना कॉफी धाकटा मुलगाच देतो. पेला उजव्या हातात, किटली डाव्या. ओतायला डावा हात वर घ्यावाच लागतो.

आणि तसंच झालं. संध्याकाळी परस्पर निघता यावं म्हणून नाइफने पिस्तूल आधीच खिशात घातलं होतं; भर मजलिशीत त्याने हात उचलला आणि बगलेखाली अख्खं पिस्तूल उठून दिसलं. बापाने सगळ्या पाहुण्यांदेखत ते काढून घेतलं, पोराला आठवडाभर घराबाहेर पडू दिलं नाही, आणि त्या दुसऱ्या पोराच्या काकांना बोलावून समेट केला. मला वाटलं, आता हाशमला बक्षीस मिळणार.

कफील दुकानात आला, तोब टेबलावर टाकला. "इतकी वर्षं शिवतोयस. असा तंग तोब कधी शिवला होतास?"

"नाही."

"मग हा?"

"तुम्हाला दिसावं म्हणून."

कफिलाने तोबची बगल उलटी करून खिसा पाहिला. मग म्हणाला, "तू माझा मुलगा वाचवलास. पण माझ्या घराची अब्रू पाहुण्यांसमोर गेली, आणि ती कशी गेली हे तुला ठाऊक आहे. रोज तुझं तोंड मला बघवणार नाही. खलास."

घ्या! नसता शिवला तर पोराने हाकललं असतं, शिवला म्हणून बापाने हाकललं. संतापाने मी हातातली मापपट्टी टेबलावर आपटली. आणि हा शांतपणे कात्रीला तेल घालत बसला होता.

त्यात लढाईमुळे विमानांचा पत्ता नाही. हाशम जेद्दाच्या शराफिया मोहल्ल्यात गाववाल्यांच्या खोलीवर अडकून पडला. मी त्याला भेटायला गेलो होतो तेव्हाच दारात नाइफ उभा राहिला. ताइफचा घाट उतरून एकटा गाडी चालवत आला होता.

"सगळे मला हसतात," तो हाशमवर ओरडला. "तुझ्यामुळे!"

"हसू देत," हाशम म्हणाला. "ज्याला मारणार होतास तोही हसतोय, म्हणजे जिवंत आहे. आणि तूही आहेस."

एवढा मोठा घोडा, हाशमच्या खांद्यावर डोकं टेकून हुंदके देत रडला.

"मग आता माझा तोब कोण शिवणार?" त्याने विचारलं.

हाशमने माझ्याकडे बोट दाखवलं. नाइफने मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि आणखी मोठ्याने रडू लागला.