पाच महिने न मांडलेलं मेज

नाशिकहून निघताना पिशवीत तक्रारअर्जाची प्रत होती, बारा प्रश्नांची यादी होती, अहवालाचा छापील नमुना होता आणि पाण्याच्या दोन बाटल्या. काम एका दिवसाचं होतं. जळगावला उतरायचं, असोद्याच्या पुढच्या एका खेड्यात जाऊन साळवे पाळकांना प्रश्न विचारायचे, उत्तरं लिहून घ्यायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत. आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या समितीची मी चिटणीस आहे. असे दौरे मी एका दिवसात उरकते. हा चार दिवस चालला.

तक्रार साधी नव्हती. महिन्याच्या पहिल्या रविवारी मंडळीला प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस द्यायचा, हे पाळकाचं काम. या मंडळीत ते पाच महिने झालं नव्हतं, नाताळातसुद्धा नाही. अर्जावर पहिली सही मंडळीचा कारभार पाहणारे जुने वडील दौलतआबा यांची. माझ्या अहवालात ‘बदली करावी’ एवढे दोन शब्द आले की साळव्यांनी निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना बिऱ्हाड उचलायचं, हे समितीत ठरूनच गेलं होतं. गावाचं नाव मी मुद्दामच लिहीत नाही. तिथल्या लोकांना उगाच अवघडल्यासारखं होईल.

जळगाव स्टेशनाबाहेर रिक्षा भरल्याशिवाय हलेना. तीन माणसांच्या जागेत सहावी मी. “बाई, जरा आत सरका,” रिक्षावाला म्हणाला. आत म्हणजे कुठे, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, मधूनच वेचून झालेली कपाशी, आणि फेब्रुवारीतच डोळ्यांवर येणारं ऊन. पाळकांच्या घरी पोचले तेव्हा साडेअकरा झाले होते. पाळकीणबाई, रत्नाबाई, अंगणात गहू निवडत होत्या.

“पाळक अमळनेरला गेलेत, काल,” त्या म्हणाल्या.

“मी पत्र पाठवलं होतं. आठ दिवस आधी. तारीख घालून.”

“मिळालं ना. म्हणाले, चिटणीसबाई येतील, त्यांना जेवल्याशिवाय सोडू नको.”

“मग फोन लावून द्या.”

रत्नाबाईंनी भिंतीकडे बोट दाखवलं. फोन खिळ्याला पिशवीत टांगलेला होता. “सोबत नेत नाहीत. म्हणतात, आजाऱ्याजवळ बसलं की नेमका वाजतो.”

मी यादीच्या कडेला लिहिलं: संपर्क होत नाही. मग जेवले. वांगी पऱ्हाटीच्या (कपाशीच्या वाळलेल्या काड्या) जाळावर भाजून केलेलं भरीत आणि पुऱ्या. भरीत इतकं चांगलं होतं की मला आणखी राग आला, कारण तिसऱ्यांदा वाढून घेणाऱ्या माणसाला तक्रारीच्या सुरात बोलता येत नाही. त्या रात्री तिथेच राहिले.

शुक्रवारी सकाळच्या पॅसेंजरने अमळनेर. रत्नाबाईंनी दिलेला पत्ता असा: जुन्या तेलाच्या गिरणीच्या मागे, निळं दार, सुंदराबाईचं घर. निळी दारं चार निघाली. चौथ्या दारात एक बाई लसूण सोलत बसली होती.

“पाळक इथे आहेत का?”

“शेत ना. मांगे शेत. म्हातारीना नखं काढी राहिनात.” (आहेत ना, मागे आहेत, म्हातारीची नखं काढताहेत.)

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मागच्या पडवीत गेले तर खरंच, खाटेवर एक जर्जर म्हातारी, आणि जमिनीवर बसून तिचं पाऊल मांडीवर घेतलेले साळवे पाळक. शेजारी कोमट पाण्याचं भांडं. सुंदराबाईचा मुलगा सुरतेत असतो. पाळक पंधरा दिवसांनी येतात, बायबल वाचतात, प्रार्थना करतात आणि नखं काढून जातात. “वाचन कोणीही करेल,” ते मान वर न करता म्हणाले. “ही नखं मात्र जाड आहेत. बसा, चिटणीसबाई.”

मी उभीच राहिले. पहिला प्रश्न विचारला: प्रभुभोजन का झालं नाही?

आता त्यांनी पाऊल पुसून पांघरुणात सरकवलं. मग जे सांगितलं ते असं. या मंडळीत जुना रिवाज आहे. प्रभुभोजनाच्या आधी पाळकाने घरोघर जायचं आणि प्रत्येकाला विचारायचं, कोणाशी बोलणं बंद आहे का? असेल तर आधी ते मिटवायचं. मिटेपर्यंत प्रभुभोजनाचं मेज मांडायचं नाही.

“मग मिटवा ना! पाच महिने कोण दोघं भांडताहेत?”

“एक दौलतआबा,” ते म्हणाले. “दुसरा मी.”

सप्टेंबरात एका रविवारी दौलतआबा उपासनेला आले नाहीत, केळीची गाडी भरत होते. साळव्यांनी पुढच्या रविवारी व्यासपीठावरून त्यांचं नाव घेऊन सुनावलं. नंतर कळलं की व्यापाऱ्याने गाडी त्याच दिवशी दिली होती. घड उतरले नसते तर बागेतच पिकले असते. पाळक माफी मागायला चार वेळा गेले. चारही वेळा आबा मागच्या दाराने शेतात.

“दुसरे पाळक बोलावून भोजन उरकायचं,” मी म्हणाले. “समिती पाठवते. एक पत्र टाकायचं होतं.”

“उरकलं असतं. पण घरोघर विचारत फिरतो मी. माझंच मिटलेलं नाही, हे लपवून कोणाला विचारू?”

“आणि बदली झाली तर?”

“झाली तर जाईन. पण हे इथे असं टाकून जावं लागेल, तेवढंच वाईट वाटतं.”

आबा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी धुळ्याला मुलीकडे होते. पाळक तिकडेच निघाले होते. मी वेळापत्रक पाहिलं, कपाळावर हात मारला आणि त्यांच्यासोबत गेले.

शनिवारी सकाळी धुळ्यात, रात्री एका ओळखीच्या घरी मुक्काम करून, आम्ही आबांच्या मुलीचा जिना चढलो. आदल्या रात्रीच्या शेवभाजीने माझं पोट बिघडलं होतं. आबा दुसऱ्या मजल्यावर काळा चष्मा लावून खुर्चीत बसले होते.

“कोण?”

“साळवे पाळक, आबा.”

“आता मला पळायला मागचं दार नाही म्हणून आलात का?”

“हो,” पाळक म्हणाले. “आबा, मी चुकलो. न विचारता बोललो. माफ करा.”

मुलगी चहा घेऊन दारातच थांबली. मग आबा म्हणाले, “बठ्ठ्या (सगळ्या) मंडळीसमोर बोललात ना? मग बठ्ठ्या मंडळीसमोर सांगा.”

“सांगतो. उद्या या.”

“बाबा कुठेही जाणार नाहीत,” मुलगी म्हणाली. “दर चार तासांनी थेंब आहेत. तुमच्या मंडळीत कोण घालणार?”

दोघेही पुरुष माझ्याकडे बघू लागले. चष्म्याआडून आबासुद्धा. मी थेंबांच्या वेळा लिहून घेतल्या, बाटली ताब्यात घेतली आणि दुपारच्या एसटीत खिडकीशी आबा, मध्ये मी, कडेला पाळक असे बसलो. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा थेंब घातले. त्यावर वाहक म्हणाला, “अक्का, माझ्याबी डोळ्यांत दोन घाला, धूळ लई शे.” सबंध वाटेत ते दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. माझ्याशी मात्र दोघेही बोलले, आणि तेही एकाच वेळी.

रविवारी पाळक पहाटेपासून घरोघर फिरून आले. मी अहवाल काढून चहा घेत होते. ते समोर बसले.

“चिटणीसबाई, तुमचं कोणाशी बोलणं बंद आहे का?”

“मी पाहुणी आहे.”

“पाहुण्यांनाही विचारतो. तुमच्यासाठी मेज थांबणार नाही. तुम्ही घ्यायचं की नाही, ते तुम्ही बघा.”

वत्सला माझी जाऊ. आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहते, समितीवरही आहे. पुतण्याच्या लग्नात मी केलेली निमंत्रणाची यादी तिने मला न विचारता बदलली. त्याला दोन वर्षं झाली. “ते वेगळं आहे,” मी म्हणाले. पाळकांनी मान हलवली आणि घंटा वाजवायला गेले. मला इतका संताप आला की चहा तसाच राहिला.

उपासनेत ते व्यासपीठावर चढले नाहीत, खालीच उभे राहिले. “सप्टेंबरात मी दौलतआबांना इथून बोललो. त्यांना न विचारता बोललो. चूक माझी होती.”

“मोठ्याने,” पुढच्या बाकावरून आबा म्हणाले. “त्या दिवशी रस्त्यापर्यंत ऐकू गेलं होतं.”

बायका पदरात हसल्या. पाळकांनी तेच वाक्य रस्त्यापर्यंत जाईल अशा आवाजात पुन्हा म्हटलं. आबा उठले, चाचपडत पुढे गेले, आणि भाकरीचं ताट धरायला त्यांनी हात पुढे केले. ताट त्यांनीच बाकाबाकाने फिरवलं. माझ्यापर्यंत आलं तेव्हा मी ते शेजारणीकडे सरकवलं. आबांना ते दिसलं नसावं. पाळकांना दिसलं.

परतीच्या गाडीत जागा मिळाली तेव्हा अहवाल लिहायला घेतला. हा माणूस पत्राला उत्तर देत नाही, फोन खिळ्याला टांगतो, त्याच्यामुळे माझे तीन दिवस जास्तीचे गेले, आणि हे सगळं मी संपर्काच्या कलमाखाली स्वच्छ लिहिलं. शिफारशीच्या जागी ‘बदली करू नये’ लिहायला अर्धं मिनिट लागलं. अशा माणसाला हलवायचं म्हणजे पाच महिन्यांचं काम मोडायचं.

मग आकडे. उपस्थिती एकतीस. प्रभुभोजन घेतलेले तीस. आकडे जुळत नसतील तर शेरा लिहावा, असा नियम आहे, आणि तो नमुना मीच तयार केलेला आहे. अहवाल चिटणिसाने समितीपुढे मोठ्याने वाचायचा असतो. वत्सला माझ्या बरोबर समोर बसते.

चाळीसगाव गेलं. मनमाड गेलं. नाशिक यायच्या आत मी लिहिलं: एक व्यक्ती तयार नव्हती. ते पुन्हा वाचलं, खोडलं आणि वर नीट अक्षरांत लिहिलं: चिटणीस तयार नव्हत्या.