पांढरी तार

"जरा श्वास रोखा," असं म्हणून ते डावा हात वर करायचे, आणि समोरच्या माणसानं खरोखर श्वास रोखल्याशिवाय घड्याळ उघडायचे नाहीत. आर्वीच्या एसटी स्टँडसमोर, पानठेल्याला लागून त्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, एक टेबल, एक डोळ्याला लावायचं भिंग आणि माथ्यावर पत्रा. घड्याळाचा स्क्रू फुंकरीनं उडतो, असं त्यांचं म्हणणं. तुम्ही कधी तिथं उभे राहिला असाल तर तुम्हीही श्वास रोखला असेल. मी शाळेत आयुष्यभर पोरांना गप्प बसवलं, पण तशी शांतता मला एकदाही साधली नाही.

सगळे त्यांना भाऊ म्हणत. नव्वदच्या दशकात डेपोतले निम्मे ड्रायव्हर-कंडक्टर त्यांच्याकडूनच घड्याळ दुरुस्त करून घ्यायचे, त्यामुळे गाडी उशिरा सुटली की लोक भाऊंनाच टोमणे मारायचे. "गाडी लेट होते, माही घडी नाई," एवढंच ते म्हणत, आणि तेही भिंग न काढता.

त्यांची एक खोड होती. काहीही उघडलं, तरी बंद करताना स्क्रूची खाच सरळ उभी ठेवायची. फुलीच्या खाचेचा स्क्रू असला तर तो अधिकच्या चिन्हासारखा दिसायला हवा, गुणिलेच्या नाही. मी एकदा विचारलं, "हे काऊन भाऊ?"

"आपल्या मागून कोणी खोललं त समजते, सर."

मग मोबाईल आले आणि लोकांची मनगटं रिकामी झाली. भाऊंनी कुरकुर केली नाही. गावात इतके बारीक पेचकस दुसऱ्या कोणाकडे नव्हते, तेव्हा कोणी बंद मोबाईल आणून ठेवला, कोणी कॉम्प्युटर, आणि ते उघडत गेले. चुकत शिकले. बहुतेक वेळा वस्तू चालू व्हायची.

माझी मुलगी लग्न होऊन बेंगळुरूला गेली तेव्हा तिनं आपला जुना लॅपटॉप आम्हाला पाठवला, पडद्यावर एकमेकांना बघता यावं म्हणून. घरात ब्रॉडबँड घेतलं, समोरच्या खोलीत त्याचा डबा बसला. पण लॅपटॉपमधलं वायरलेस कार्ड इतकं जुनं की त्याला या नव्या डब्याचा पासवर्डच पचेना. भाऊंनी नागपूरहून नवं कार्ड मागवलं आणि एका रविवारी आमच्या दिवाणावर टॉवेल अंथरून बसले.

लॅपटॉपच्या पोटाखाली एक छोटं झाकण, त्यात ते कार्ड. कार्डावर सिग्नल पकडणाऱ्या दोन बारीक तारा, एक काळी, एक पांढरी, ब्लाउजच्या टिचबटणासारख्या दाबून बसवलेल्या. "सर, श्वास रोखा. वहिनी, तुमी बी." आम्ही दोघांनी रोखला. घड्याळजी माणूस, त्यांनी चिमट्यानं बटण उचललं. टक् असा आवाज झाला. भाऊंचा हात तिथंच थांबला, मग त्यांनी नवं कार्ड बसवलं आणि झाकण लावलं.

थोड्या वेळात मुलगी पडद्यावर दिसली. बायकोच्या डोळ्यांना पाणी आलं आणि त्या आवाजाची आठवण कोणालाच राहिली नाही. मात्र लॅपटॉप स्वयंपाकघरात नेला की मुलीचा चेहरा तुकडे तुकडे व्हायचा. बायकोची तर तीच हौस होती, ओट्यापाशी उभं राहून लेकीला पाटवडीची रीत दाखवायची. भाऊ म्हणाले, "भिंती जाड हायेत तुमच्या." आमच्या भिंती इतक्या पातळ की शेजाऱ्याची शिंक आम्हाला ऐकू येते.

त्यानंतर ते जवळजवळ दर रविवारी येऊ लागले. "भिंतीचं पाहून राह्यलो," म्हणत आणि भिंतीवर टिचकी मारत. जाता जाता आमचं भिंतीवरचं घड्याळ लावून द्यायचे, मिक्सर बघायचे, इस्त्रीची वायर बदलायचे. हिवाळ्यात संत्री आणायचे. निवृत्तीनंतर माझं बोलणं निवांत ऐकणारा माणूस मला मिळाला नव्हता, तो मिळाला.

अशी दोन-तीन वर्षं गेली. एका दिवाळीला जावई आले. त्यांनी सहज झाकण उघडलं आणि मला बोलावलं. पांढऱ्या तारेचं बटण तुटलेलं होतं आणि ती तार चिकटपट्टीखाली नीट दाबून ठेवली होती. "बाबा, त्यांनी तोडली आणि लपवली," जावई हसले. मी झाकण लावायला सांगितलं.

बायको म्हणाली, "अहो, सांगून टाका त्यांना. चोराच्या मनात चांदणं, तसं झालंय बिचाऱ्याचं, म्हणून येतात दर रविवारी."

"झाकली मूठ सव्वा लाखाची," मी म्हणालो. मोठेपणा वाटला मला स्वतःचा. खरं कारण आज सांगतो. सांगितलं असतं तर त्यांचं येणं थांबलं असतं, आणि मला ते नको होतं.

पुढच्या रविवारी भाऊंनी लॅपटॉप उलटा करून बघितला, पुन्हा सरळ ठेवला आणि चहा अर्धाच पिऊन उठले. साखर जास्त झाली असेल, असं मला वाटलं. जावयांनी झाकणाचे स्क्रू कसेही पिळले होते, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

मग एकदा ते दारातूनच म्हणाले, "सर, एक सांगाचं होतं."

काय सांगायचं आहे ते मला कळलं. त्यांचा चेहरा बघवेना. मी घाईघाईनं म्हणालो, "भाऊ, आधी ते घड्याळ बघा हो, मागं पडतंय." त्यांनी चपला काढल्या. "हो, पाहतो," म्हणाले आणि स्टुलावर चढले. घड्याळ मागं पडत नव्हतं. ते त्यांना हात लावताच कळलं असणार.

उन्हाळ्यात आम्ही दोन महिने मुलीकडे निघालो. भाऊ म्हणाले, "लॅपटॉप माह्याजवळ ठेवून जाता काय?" मी दिला.

परत आलो तर पानठेल्याशेजारचं टेबल रिकामं होतं. पानवाल्यानं सांगितलं, महिना झाला, झोपेतच गेले. मी तसाच त्यांच्या घरी गेलो. इतकी वर्षं ते माझ्याकडे येत होते आणि त्यांचं घर कोणत्या गल्लीत आहे हे मला विचारत जावं लागलं.

त्यांच्या बायकोनं टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप आणून माझ्या हातात दिला. "नागपूरवरून बंद पडलेला असाच एक आणला होता त्यायनं. त्याची तार काढून याच्यात टाकली. डोळ्यानं दिसत नव्हतं, तरी दिवसदिवस भिंग लावून बसत. म्या म्हटलं, सरायले सांगून द्या, ते काही म्हणत नाईत. त म्हणे, सरायले मालूम हाय."

मी टॉवेलाची घडी सोडू लागलो.

"म्हणत, त्यायनं खोलून पाह्यलं, तरी बोलत नाईत. सांगाले गेलो त ऐकत नाईत. रागावले असते त बरं झालं असतं."

मी त्यांना काय बोललो ते आठवत नाही. बहुधा काहीच बोललो नाही, तीच माझी रीत.

घरी येऊन लॅपटॉप उलटा केला. झाकणाचे स्क्रू अधिकच्या चिन्हासारखे उभे होते. मग तो स्वयंपाकघरात नेऊन ओट्यावर ठेवला आणि त्यावरूनच मुलीला फोन लावला. तिचा चेहरा अखंड आला, कपाळावरची टिकलीसुद्धा दिसली.

"बाबा, स्वयंपाकघरातून? किती स्वच्छ दिसताय." मग ती थांबली. "पण आवाज येत नाहीये. ह्यांनी सांगितलेली ती तार पुन्हा सुटली का?"

बायको माझ्या मागे उभी होती. तिनं पदरानं डोळे पुसले आणि पडद्याकडे वाकून म्हणाली, "तार चांगली आहे गं. हेच बोलत नाहीयेत."