जादा दिवे आणि मागची सीट

मोटरसायकल मुळात नवऱ्याची. त्याचा उजवा खांदा आखडला आणि डॉक्टरांनी काही महिने हँडलला हात लावायचा नाही असं बजावलं, तेव्हा ती माझ्याकडे आली. मला चालवता येत होती. कॉलेजात असताना भावाच्या गाडीवर हात साफ केला होता. आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो, माझं ऑफिस गोरेगावात. संध्याकाळी मोठ्या रस्त्यावर ट्रॅफिकची वाट लागलेली असते, म्हणून मी आरे कॉलनीतून यायला लागले. आरेचा रस्ता मला आवडतो. झाडं, गार वारा, सिग्नलची कटकट नाही. फक्त अंधार पडला की काही दिसत नाही.

"काही दिसत नाही म्हणजे?" नवऱ्याने विचारलं.

"म्हणजे आपटल्यावर कळतं की तो स्पीडब्रेकर होता."

एवढंच मी बोलले, आणि त्याच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी तेज आलं. गाडी चालवायला खांदा लागतो, गाडीसाठी वस्तू निवडायला लागत नाही. पुढचा आठवडाभर जेवताना ताटाशेजारी मोबाईल आणि त्यात दिव्यांचे व्हिडिओ. लांबवर जाणारा उजेड वेगळा, पसरणारा वेगळा, हे मला आमटी वाढताना समजावून सांगण्यात आलं.

"तुला लांबचं बघायचंय की बाजूचं?"

"मला खड्डा बघायचाय रे."

शेवटी दोन गोल, मुठीएवढे दिवे घरी आले. गॅरेजवाल्याने ते पुढच्या लेग गार्डवर बसवले, बॅटरीपासून वेगळी वायर ओढली, मध्ये फ्यूज टाकला आणि डाव्या अंगठ्याखाली एक बटण दिलं. हे सगळं होईपर्यंत नवरा त्याच्या डोक्यावर उभा राहून सूचना देत होता. गॅरेजवाल्याने आधी त्याला चहा दिला, मग स्टूल दिलं, आणि शेवटी "साहेब, समोरच्या टपरीवर बसलात तरी चालेल" असंही सांगून पाहिलं.

त्याच संध्याकाळी आम्ही सोसायटीत दिव्यांचा रोख बसवायला घेतला. गाडी इमारतीच्या भिंतीसमोर उभी केली, भिंतीवर खडूने रेघ मारली आणि उजेड रेघेच्या खाली येईपर्यंत नवरा डाव्या हाताने पाना फिरवत राहिला. तेवढ्यात रेघेच्या वरची, तळमजल्याची खिडकी उघडली. तिथे एक काकू राहतात. यजमान गिरणीत होते; ते गेल्यावर, मुलं लांब असल्यामुळे, एकट्याच असतात. सगळा जन्म मुंबईत गेला, पण चिडल्या किंवा खूश झाल्या की थेट मालवणीत शिरतात.

"गो बाय, ह्यो उजेड कसलो?"

"गाडीला जादा दिवे लावतोय काकू."

"माका वाटला पोलीस इले."

खिडकी बंद झाली. उजेड रेघेखाली आला. नवऱ्याने हात पुसले आणि काम फत्ते झाल्याचं जाहीर केलं.

शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघं आरेत चाचणीला गेलो. मी पुढे, तो मागे. पहिलं अंधारं वळण आल्यावर मी बटण दाबलं, आणि समोरची झाडं उजळली. फक्त झाडंच. पान न् पान दिसत होतं. वर कुठेतरी कावळ्यांनी कालवा सुरू केला. खाली रस्ता होता तसाच काळाकुट्ट.

"झकास ना?" मागून आवाज आला.

"झाडं फारच छान दिसतायत."

"रस्ता?"

"रस्ता आहे की नाही तेच बघतेय."

समोरून येणारा एक मोटरसायकलवाला डोळ्यांवर हात धरून काहीतरी बोलून गेला. ते काय होतं ते नवऱ्याला ऐकू आलं नाही, मला आलं. मी दिवे बंद करायला अंगठा सरकवला, तेवढ्यात पुढे उभ्या असलेल्या हवालदाराने शिट्टी मारली.

गाडी बाजूला घेतली. हवालदार डोळे चोळत आला.

"काय हो मॅडम, वरात निघालीय का?"

"साहेब, मी समजावतो," म्हणत नवरा गाडीवरून उतरला. तो उतरल्याबरोबर गाडीची मागची बाजू वर आली, पुढची खाली झाली आणि दोन्ही दिव्यांचा उजेड झाडांवरून अलगद घसरून रस्त्यावर पडला. रस्ता स्वच्छ दिसायला लागला. एक खड्डासुद्धा दिसला.

मी बघितलं. हवालदारानेही बघितलं.

"साहेब, परत बसा बघू," तो म्हणाला.

नवरा बसला. उजेड झाडांवर.

"उतरा."

उजेड रस्त्यावर.

"बसा."

"अहो, पण..." नवरा बसला. कावळे पुन्हा ओरडले. मला हसू आवरेना. हेल्मेटच्या आत डोळ्यांतून पाणी यायला लागलं. हवालदाराने आधी मिशीतल्या मिशीत हसून घेतलं, मग तोंड गंभीर केलं.

"एक तर दिवे खाली करा मॅडम, नाहीतर साहेबांना खाली करा. आज सोडतो."

घरी आम्ही साधा हेडलाइट लावूनच आलो. पवईच्या सिग्नलला नवरा मागून म्हणाला, "शॉकअ‍ॅब्झॉर्बर मऊ आहेत गाडीचे."

"हो ना," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मी एकटी असताना उजेड जरा जवळ पडला तरी चालेल, पण दोघं बसल्यावर समोरच्याचे डोळे दिपायला नकोत; म्हणजे रोख बसवताना गाडीवर दोन माणसं बसलेली हवीत. पुढे मी बसेन, पण नवरा मागे बसला तर पाना कोण फिरवणार? दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा भिंतीसमोर उभे राहून यावर खल करत होतो, तेव्हा ती खिडकी उघडली. काकूंनी सगळं ऐकलं होतं.

"मी बसतंय मागे."

नवरा अडखळला. "काकू, तसं नाही, पण मागे जरा... म्हणजे साधारण माझ्याएवढं..."

"वजनाचा बोलतंस तर सरळ बोल. मी काय तुझ्यापेक्षा कमी नाय."

गाऊनवर ओढणी घेऊन त्या बाहेर आल्या. पायरीवरून, माझ्या खांद्याला धरून, "आई गो" करत एकदाच्या बसल्या. गाडी मागून खाली गेली आणि उजेड त्यांच्याच खिडकीतून आत जाऊन देव्हाऱ्यावर पडला. "बघ, देवांक पण दिसला," काकू म्हणाल्या. नवऱ्याने पाना फिरवला, काकूंनी "आणि खाली, आणि खाली, हां, रव" अशा सूचना दिल्या, आणि दिवे जागेवर बसले. काकू मात्र उतरेनात. यजमानांच्या स्कूटरनंतर त्या कुठल्याच दुचाकीवर बसल्या नव्हत्या.

"माझी भैण गोरेगावाक ऱ्हवता," त्या सहज म्हणाल्यासारखं म्हणाल्या. "रिक्षावालो लांबून नेता."

पुढच्या रविवारी दिवेलागणीला आम्ही दोघी निघालो. काकूंनी नवऱ्याचं हेल्मेट घातलं, आणि ते घालताना अंबाड्याची तक्रार केली. आरेत शिरल्यावर मी बटण दाबलं. रस्ता दिसला. कडेचे दगड दिसले, एक कुत्रं दिसलं, खड्डे तर एकेक करून हजेरी लावत होते. नवऱ्याचं मनातल्या मनात कौतुक केलं.

मधल्या उतारावर एक रिक्षा रखडत चालली होती. दिवा नाही. ड्रायव्हर बाहेर डोकं काढून अंदाजाने हाकत होता, आणि मागे एक बाई मांडीवर केकचा खोका धरून ताठ बसली होती.

"मॅडम, लाइट उडाली माझी," ड्रायव्हर ओरडला. "जरा सोबत राहा ना."

मी काही बोलण्याआधीच मागून हुकूम सुटला. "तू हळू चल रे! आमी उजव्या बाजूक ऱ्हवतो." मग मला, "तेच्या पुढे जाव नको. उजेड तेका होयो."

आमची जोडी निघाली. रिक्षा डावीकडे, आम्ही किंचित मागे उजवीकडे, आणि काकू माझ्या कानाशी लाउडस्पीकर. "खड्डो इलो! आता ब्रेकर! सावकाश मेल्या, केक आसा मागे!" ड्रायव्हर प्रत्येक वेळी "हो आजी, हो आजी" करत होता. स्पीडब्रेकरवर रिक्षा इतकी हळू चढली की खोका धरलेल्या बाईने आम्हाला हात जोडले.

गोरेगावच्या टोकाला रस्त्यावरचे दिवे सुरू झाल्यावर रिक्षा थांबली. बाईने खोका उघडून आम्हाला दाखवला. क्रीमचं एक फूल तेवढं कलंडलं होतं.

बहिणीच्या घरी घावणे आणि चटणी तयार होती. काकूंनी हेल्मेटसकट आत जाऊन गोष्ट सांगायला सुरुवात केली. पहिल्या घावण्याला एक रिक्षा होती, तिसऱ्यापर्यंत रिक्षांची रांग झाली. मी आणखी चटणी वाढून घेतली. बहिणीने काळजीने बाहेर बघितलं.

"काळोख पडलो गो. जाताना रिक्षा करून जा."

"रिक्षा?" काकूंनी चटणीचं बोट चाटलं. "रिक्षावाल्यांक दिसता खय?"