तेलकट वाळूवरची रेघ

सोलापूरबाहेरच्या माळावर गोल्फचं एक मैदान होतं. पैसे भरून कोणीही खेळावं असं. हिरवळ नावालाही नव्हती. खळग्याभोवती जळकं तेल मिसळलेली काळपट वाळू दाबून बसवलेली असे. तिच्यावर बुटांचे ठसे उमटत, म्हणून शेवटचा टोला मारण्याआधी गोणपाट बांधलेली दांडी ओढून चेंडूपासून खळग्यापर्यंत वाट सपाट करायची. ही दांडी हुद्द्याने धाकट्या माणसाने ओढायची, असा तिथला रिवाज.

बाबा एका गिरणीत चादरींच्या नक्ष्या काढत. चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवायचं काम. त्या हिवाळ्यात त्यांचा उजवा हात थरथरू लागला होता. हे आईला आणि मला ठाऊक होतं; नक्ष्यांचे कागद ते घरी आणून रंगवत, त्यामुळे गिरणीत कोणालाच नाही. कळलं असतं तर नोकरी राहिली नसती. अशात नव्या मॅनेजरसाहेबांनी रविवारी खेळायला बोलावलं. टोल्यांचे आकडे वहीत मांडायला म्हणून बाबांनी मला सोबत घेतलं. हातात पेन्सिल आली की थरथर फार दिसायची.

बसमध्ये ते हळू आवाजात सांगत होते, "साहेब मारताना बोलायचं नाही. त्यांच्या चेंडूवर सावली पडू द्यायची नाही. लोक आडवे आले तर थांबायचं, माळ त्यांचाही आहे."

 

लांबच्या टोल्यांत हाताची थरथर दिसली नाही. मोळ्या घेतलेल्या दोन बायका मधूनच आल्या, तसे आम्ही थांबलो.

"हितनं मारायचा आनि तितं हुडकायला जायाचं," एक म्हणाली. "लई काम हाय की तुमाला."

"पगार मिळतो त्याचा," साहेब म्हणाले. बायका हसल्या. बाबाही हसले, हात पँटच्या खिशात घालून.

पहिल्या खळग्यापाशी बाबांनी दांडी उचलली तेव्हा तिचं टोक हलताना मला दिसलं. मी वही काखेत धरून पुढे झाले.

"मी ओढते, बाबा."

साहेबांनी भुवया उंचावल्या. "आमच्याकडे मुली पाण्याचा ग्लाससुद्धा उचलत नाहीत," ते इंग्रजीत म्हणाले. मी मान खाली घातली आणि सरळ वाट ओढली. पुढच्या खळग्यावरही मीच ओढली. त्याच्या पुढच्या खळग्यावर मी वाकले तेव्हा साहेब माझ्याकडे नाही, बाबांच्या खिशाकडे बघत होते.

"तिला दमवू नका," ते म्हणाले. "ही तुम्ही ओढा."

बाबांनी दोन्ही हातांनी दांडी धरली. ते सावकाश मागे सरकत गेले. वाळूवर जी रेघ उमटली ती कडांना दातेरी होती, आणि खळग्यापाशी पोचेपर्यंत दोनदा वळली होती. साहेब तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी तिच्यावरूनच चेंडू मारला. तो खळग्याला चाटून बाजूला गेला.

"कधीपासून?"

"थंडीमुळे होतं, साहेब."

"उद्या केबिनमध्ये या. रंग आणि कागद घेऊन या. माझ्यासमोर एक फूल काढा."

मागे दुसरी मंडळी खोळंबली होती. त्यांच्यासाठी वाळू पुन्हा सारखी करायची होती. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी मी हात पुढे केला नाही. ते एकटेच दांडी ओढत निघाले, आणि साहेब तिथेच थांबून बघत राहिले.